तंजावरचे केसपेपर आणि अडवू

कामाच्या जागी ठेवलं की विद्यार्थी आपोआप शिकतो, या भरवशावर आज इंटर्नशिप चालतात. तंजावरच्या मराठी राजवटीचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांचं लक्ष विद्यांकडे वळलं. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय पद्धतींचे जाणकार एकत्र काम करत. तिथल्या नेत्ररुग्णांचे चाळीसहून अधिक केसपेपर सरस्वती महाल ग्रंथालयात टिकून आहेत. त्यांत दुखणं आहे, उपचार आहे, डोळ्यांची चित्रंही आहेत. वैद्याशेजारी उभ्या असलेल्या शिकाऊला रुग्ण एकदाच दिसतो. केसपेपर असला की तोच रुग्ण पुन्हा अभ्यासता येतो, दुसऱ्याशी ताडून पाहता येतो. अनुभवाचं शिक्षण होतं ते इथे, असं मला ठामपणे वाटतं.

एका राजाच्या हौसेवरून एवढा निष्कर्ष काढू नये, असं कुणी म्हणेल. म्हणून त्याच दरबारातली दुसरी विद्या पाहू. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्यातल्या अडवूंना, म्हणजे मूळ पदन्यासांना, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम दिला. यावरचा आक्षेप अधिक वजनदार आहे: नट्टुवनारांच्या, म्हणजे नृत्यगुरूंच्या, घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुलं नुसतं पाहून-ऐकून शिकत आली, त्यांना कुठे असा क्रम लागला? खरं आहे, पण त्या मुलांजवळ अख्खं बालपण होतं. बाहेरून येणाऱ्याजवळ ते नसतं. इंटर्नला तर जेमतेम काही महिने मिळतात. कामाची नोंद आणि चढता क्रम यांची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल अशाच बाहेरच्या होत्या, घराण्यातल्या नव्हेत, आणि शिकायला लागल्या तेव्हा तिशीच्या आसपास. याच भावांच्या कुळातल्या पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिळ्ळैंकडे त्या शिकल्या, १९३५ मध्ये रंगमंचावर आल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था स्थापली. गुरूचा डोळा आणि हातातली काठी त्यांनाही चुकली नाही. पण पुढे कलाक्षेत्रात वर्गच्या वर्ग घराण्याबाहेरच्या मुलींनी भरले, ते अडवूंचा क्रम हाताशी होता म्हणून.