परतूरची रुई कितीला पडली?

मनमाड–सिकंदराबाद रेल्वे १९०० साली सुरू झाली. परतूर त्याच मार्गावरचं, त्यामुळे इकडच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. इथला व्यवहार निजामाच्या हाली रुपयात, मुंबईचा कलदारात. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार! पडता भाव काढताना आधी नाणंच बदलावं लागे.

आज आपण कापूस क्विंटलने घेतो, रुईचा भाव मात्र ३५६ किलोच्या खंडीवर. हा हिशेब सॉफ्टवेअर क्षणात करतं. पण बघा, क्विंटलला रुईचा उतारा ३३ किलो की ३५, सरकी कोणत्या भावाने वजा करायची, हे आपणच भरतो. वर्षभर ठोकळ ३४ धरले, तर संगणक पैशापर्यंत नेमका, पण चुकीचा आकडा देतो. शिवाय ओल. ती कापसाच्या भावाने विकत घेतली जाते, जिनिंगमध्ये उडते, आणि तिचं बिल कुणीच देत नाही.