चार दिवसांचे वर्ष

सूर्यासारख्या एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असल्याचा निःसंदिग्ध पुरावा मानवाच्या हाती आला तो १९९५ साली. इतका विलंब केवळ साधनांच्या उणिवेमुळे झाला, असे सामान्यतः समजले जाते. आम्हांस मात्र या इतिहासातून निराळाच बोध घ्यावासा वाटतो.

अशा शोधाचे दावे पूर्वीही झाले होते. १८५५ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख कॅप्टन जेकब यांनी भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या गतीत विसंगती दाखवून तेथे ग्रह असण्याचा संभव वर्तविला. हे जेकब पुढे १८६२ मध्ये पुण्यास वारले. त्यांचा दावा टिकला नाही. आणि अशा फसलेल्या दाव्यांमुळे पुढील ज्योतिर्विद साहजिकच सावध झाले.

ग्रह दिसला नाही तरी त्याच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे डोलतो आणि ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा त्याबरोबर सरकतात. १९५२ मध्ये ऑटो स्ट्रूव्ह यांनी सुचविले की, गुरूच्या दहापट वस्तुमानाचा ग्रह ताऱ्याला अगदी खेटून सुमारे एका दिवसात प्रदक्षिणा करीत असेल, तर त्याने घडविलेले डोलणे तत्कालीन उपकरणांनाही टिपता येईल. या सूचनेकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. गुरूला एका प्रदक्षिणेस जवळजवळ बारा वर्षे लागतात. महाकाय ग्रह ताऱ्यापासून दूर, थंड प्रदेशातच घडतात, अशी सर्वांची धारणा होती. कॅनडाच्या कॅम्बेल आणि वॉकर यांनी चिकाटीने बारा वर्षे एकवीस तारे न्याहाळले; पण त्यांतून निश्चित असा एकही ग्रह त्यांना जाहीर करता आला नाही.

जिनीव्हाचे मिशेल मेयर आणि त्यांचे तरुण विद्यार्थी दिदिए केलोझ यांनी १९९४ मध्ये फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत १४२ ताऱ्यांचे निरीक्षण आरंभिले. त्यांतील महाश्व समूहातला ५१ क्रमांकाचा तारा आपल्या पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांजवळच, सुमारे पन्नास प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा वेग दर ४.२३ दिवसांनी सेकंदाला सुमारे छप्पन्न मीटरने मागेपुढे होत होता. प्रथम केलोझ यांना आपल्या उपकरणाचाच संशय आला. दोघांनी घाई केली नाही. जुलै १९९५ मध्ये तारा पुन्हा वेधण्याजोगा होताच, आधी वर्तविलेल्या वेगाशी नवे वेध ताडून पाहिले, ते जुळले. गुरूच्या निदान निम्म्याच्या आसपास वस्तुमानाचा तो ग्रह ताऱ्यापासून अवघ्या अठ्ठ्याहत्तर लाख किलोमीटरांवर, हजार अंशांच्या दाहात फिरत होता!

ऑक्टोबरात फ्लॉरेन्स येथे घोषणा झाली. लिक वेधशाळेतून मार्सी आणि बटलर यांनी थोड्याच दिवसांत तिला दुजोरा दिला. पुढे आपल्याजवळच्या १९८७ पासूनच्या नोंदी तपासताच त्यांनाही दोन ग्रह गवसले. १९९७ मध्ये, हे ताऱ्याचेच स्पंदन असावे, असा गंभीर आक्षेप डेव्हिड ग्रे यांनी घेतला. नव्या वेधांनंतर पुढच्याच वर्षी त्यांनी तो स्वतः मागे घेतला. १९९९ मध्ये असाच दुसरा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकताना दिसला आणि शंकेला जागा उरली नाही. असे ग्रह दूर जन्मून आत सरकले असावेत, असे आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. २०१९ मध्ये मेयर आणि केलोझ यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

उपकरणे सुधारली हे खरेच. परंतु आपल्याच सूर्यमालेला विश्वाचा नमुना मानण्याची सवय सुटल्यावाचून ती पुरेशी ठरली नसती. स्ट्रूव्ह यांची सूचना त्रेचाळीस वर्षे छापील पानांवर पडून होती, हे विज्ञानाच्या अभ्यासकाने विसरू नये.