गिअरबॉक्समधला देवमासा

कोकण किनाऱ्यावर ‘व्हेलची उलटी जप्त, किंमत इतके कोटी’ ही बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेलच. अत्तरात वापरतात तो अंबरग्रीस म्हणजे हीच ‘उलटी’. खरं तर तो स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा व्यापार गुन्हा आहे. पण याच देवमाशाचं तेल एकेकाळी अमेरिकेत गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये जायचं. मी कोड लिहिणारा माणूस, पण हे वाचलं आणि दोन रात्री त्यातच गेल्या. आजचा भाग त्याच्यावर.

सुरुवात १९३९ पासून करू. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स आणला. चार गिअर, आणि क्लचचं पेडलच नाही! पुढे दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसला. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये होतं तेल. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचं पातंही फिरायला लागतं. इथे हवेच्या जागी तेल, एवढाच फरक. गिअर बदलायचं कामही तेलाच्याच दाबावर चालतं. थोडक्यात, ड्रायव्हरच्या डाव्या पायाची नोकरी तेलाला मिळाली.

आता या तेलाची पंचाईत बघा. गिअरचे दात झिजू नयेत म्हणून ते निसरडं हवं. पण गिअर बदलताना आतल्या क्लच प्लेट्स एकमेकींना धरतात, आणि त्या याच तेलात बुडालेल्या असतात. तिथे पकड हवी. निसरडेपणा जास्त झाला तर प्लेट्स घसरून जळणार. पकड एकदम बसली तर गाडी झटका देणार किंवा थरथरणार. म्हणजे एकाच तेलाने घसरवायचंही आणि धरायचंही. वर उष्णता वाहून न्यायची ती वेगळीच.

इथे देवमासा आला. स्पर्म व्हेलच्या डोक्यातून आणि चरबीतून निघणारं तेल आपल्या शेंगदाणा तेलासारखं नसतं. रसायनशास्त्राच्या भाषेत ते बरंचसं द्रवरूप मेण असतं. त्याचे लांबलचक रेणू धातूला चिकटून राहतात आणि उष्णता, दाब बऱ्यापैकी सोसतात. ते थोडंसं मिसळलं की प्लेट्स अलगद बसतात. जनरल मोटर्सने १९६७ मध्ये आणलेल्या ‘डेक्सरॉन’ तेलात हा घटक होता. त्याच काळात फोर्डचं ‘टाइप एफ’ तेल मात्र असला घटक न टाकता, कडक पकडीसाठी बनवलेलं होतं. त्यामुळे एकाचं तेल दुसऱ्यात टाकून चालायचं नाही.

आपल्याला वाटतं, दिव्यासाठी रॉकेल आलं आणि व्हेलची शिकार थांबली. उलट, १९६० च्या दशकात काही वर्षी जगभरात २०,००० हून जास्त स्पर्म व्हेल मारले गेले. सगळे गिअरबॉक्ससाठी नाही. चामडं कमावणं, सौंदर्यप्रसाधनं, यंत्रांची वंगणं असे बरेच गिऱ्हाईक होते. आपली सुळकन गिअर बदलणारी गाडी त्यातली एक.

मग १९७० मध्ये अमेरिकेनं स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं आणि तेलाची आयात बंद झाली. १९७३ च्या कायद्याने बंधनं आणखी घट्ट झाली. कंपन्यांना नवा फॉर्म्युला शोधावा लागला. आमच्या भाषेत सांगायचं, तर जुनी लायब्ररी काढली, नवी टाकली आणि भलतीकडेच काहीतरी बिघडलं. डेक्सरॉन-२ च्या सुरुवातीच्या तेलामुळे गिअरबॉक्सच्या तेलाच्या कूलरमधले सोल्डर केलेले सांधे गंजायला लागले. मग गंजरोधक घटक घालून सुधारित तेल आणावं लागलं. जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांचं तेलही व्हेलच्या तेलासारखंच द्रवरूप मेण असतं, म्हणून तिकडेही संशोधकांचं लक्ष गेलं. आज हे काम कृत्रिम रसायनं करतात आणि व्हेलच्या तेलाची कुणाला आठवणही येत नाही.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कायदा आधी आला, धड पर्याय नंतर. ‘याच्याशिवाय चालणारच नाही’ असं वाटणारी गोष्ट बंद झाली, मधली काही वर्षं त्रासाची गेली आणि मग मार्ग निघाला. त्या त्रासाचं बिल काही गाडीमालकांनी भरलं, हेही खरं. पण देवमासे अजून समुद्रात आहेत.

आता आपल्या गाडीकडे येऊ. भारतात ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नाही. २०१४ मध्ये सेलेरिओमधून आलेला एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं काम फक्त यंत्र करतं. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये धरलेला असतो. तेल चुकीचं पडलं तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडू शकतात. टॉर्क कन्व्हर्टर असलेला गिअरबॉक्स हा हायड्रामॅटिकचा खरा वारस. प्रत्येकाचं तेल वेगळं. म्हणून ‘सगळ्यात चालतं’ असं कुणी म्हणालं, तरी मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड डब्यावरच्या ग्रेडशी ताडून बघा.

‘हे तेल लाइफटाइम आहे’ असंही कधीकधी ऐकायला मिळतं. लाइफटाइम कुणाचं, हा प्रश्न नक्की विचारा. मॅन्युअलमध्ये ट्रॅफिक, घाट, जास्त वजन अशा कठीण वापरासाठी वेगळं वेळापत्रक असेल, तर पुणे-मुंबईत रोज गाडी चालवणाऱ्यानं तेच आपलं समजावं. टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत हे तेल बहुधा लाल रंगाचं असतं, इंजिन ऑइलपासून ओळखू यावं म्हणून. ते काळपट झालं, जळकट वास आला किंवा गिअर पडताना गाडी थरथरली, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका. या गिअरबॉक्समध्ये तेल हाही एक पार्टच आहे, आणि झिजलेला पार्ट बदलावा लागतो.

पुढच्या भागात भेटू. तोवर गाडीच्या कप्प्यातलं मॅन्युअल एकदा तरी उघडा!