पाच फुटी फाल्कन आणि रणगाड्यांचे सुटे भाग

तुम्ही 1977 चा ‘स्टार वॉर्स’ पाहिला असेल, तर त्याची सुरुवात आठवून बघा. एक छोटं जहाज जीव मुठीत धरून पळतंय आणि त्याच्या मागून, अगदी आपल्या डोक्यावरून, एक अवाढव्य जहाज सरकत येतंय. येतंय, येतंय, संपायचं नावच घेत नाही. आता गंमत ऐका. या दोन जहाजांच्या चित्रीकरणाच्या मॉडेलांना टेप लावली, तर पळणारं ‘छोटं’ जहाज सुमारे सहा फूट भरतं आणि पाठलाग करणारं राक्षसी जहाज जेमतेम तीन फूट! हा उलटा हिशेब कसा झाला, तिथूनच आपल्या मिलेनियम फाल्कनची गोष्ट सुरू होते.

साल 1975. जॉर्ज लुकासला अंतराळातली लढाई दाखवायची होती, पण ज्या फॉक्स स्टुडिओसाठी तो सिनेमा करत होता, त्यांनी आपला स्पेशल इफेक्ट्सचा विभागच बंद केलेला. मग त्याने स्वतःची कंपनी काढली, ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’. जागा म्हणजे लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइस इथलं एक गोदाम. तिथला प्रमुख जॉन डायक्स्ट्रा, मॉडेल विभाग ग्रँट मॅक्यून यांच्याकडे.

जहाजांची पहिली रूपं कॉलिन कँटवेल यांनी घडवली. पद्धत अशी, की दुकानात मिळणारी रणगाड्यांची, विमानांची, रेसिंग कारची प्लॅस्टिक किट आणायची, फोडायची आणि त्यांचे भाग आपल्या जहाजावर चिकटवायचे. याला म्हणतात किटबॅशिंग. ही युक्ती त्यांनी शोधली असं मात्र नाही. 1968 च्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’मध्येही जहाजांच्या अंगावर किटचेच भाग होते, आणि त्यातल्या ‘डिस्कव्हरी’चं मोठं मॉडेल तब्बल 54 फुटी होतं. कँटवेल त्या सिनेमावरही काम करून आलेले.

तर, हान सोलोचं जहाज लांबुळकं ठरलं होतं. मागे इंजिनांचा झुबका, पुढे शंकूसारखी कॉकपिट. मॉडेल जवळजवळ तयार झालं आणि त्याच सुमारास ‘स्पेस: 1999’ ही ब्रिटिश मालिका आली. तिच्यातलं ‘ईगल’ हे यान आपल्या जहाजासारखं दिसतंय, असं लुकासला वाटलं. झालं! इतक्या मेहनतीचं मॉडेल बाजूला. पण टाकून देणार कोण? त्याची कॉकपिट काढून हातोड्यासारखं नवं तोंड बसवलं आणि तेच झालं सुरुवातीला पळणारं जहाज. नायकाचं जहाज म्हणून बांधलेलं, म्हणून ते सहा फुटी.

नवा आकार काढायची जबाबदारी जो जॉन्स्टनवर आली. (हाच पुढे ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला सिनेमा दिग्दर्शित करतो.) त्याने चपटी तबकडी काढली, पुढे दोन सुळे, आणि जुन्या जहाजाची शंकूसारखी कॉकपिट थेट उजव्या कडेला. हॅम्बर्गरवरून हे सुचलं अशी गोष्ट फार सांगितली जाते. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही.

मॉडेल झालं सुमारे पाच फुटांचं. आत पक्का सांगाडा, कारण चित्रीकरणात ते दांड्यावर उभं राहायचं. मॉडेल स्थिर, आणि संगणकाच्या हुकमावर फिरायचा तो कॅमेरा. तो इतका जवळ जायचा, की कामचुकारपणा लगेच उघडा पडला असता.

आता मुद्द्याचं. सुटे भाग चिकटवले की झालं, असं मलाही वाटायचं. मी घरी सनबोर्ड कापून एक यान केलं होतं. पेनांची टोपणं, जुन्या रेडिओचे तुकडे, हाती आलं ते सगळं सगळीकडे डकवलं. बायको म्हणाली, “भंगारवाला आला की आठवण करा.” नंतर फाल्कनचे फोटो नीट पाहिले तेव्हा चूक कळली. त्यात गर्दी आहे ती कडेच्या भिंतीत, खाचांमध्ये, इंजिनाच्या आसपास. वरचे मोठे पत्रे बरेचसे मोकळे. डोळ्याला टेकायला जागा आहे, म्हणून गर्दी खरी वाटते. शिवाय रणगाड्याचा भाग हा कुणा इंजिनिअरने कशासाठी तरी आखलेला असतो. तो कशाचा आहे हे आपल्याला ओळखू येत नाही, पण त्याला काहीतरी काम असणार हे जाणवतं.

रंगाची तर वेगळीच कथा. लुकासला जग वापरलेलं, मळलेलं हवं होतं. म्हणून मळकट पांढुरक्या करड्या रंगावर काही पत्रे फिकट तांबडे, कडांना खरवडल्याच्या खुणा, काजळीचे ओघळ. आणि चकाकी शक्यतो टाळायची. कारण मॉडेलच्या मागे निळा पडदा असायचा. चकचकीत भागात तो निळा उतरला, की चित्रात तिथे भोकच! म्हणूनच लढाऊ विमानांवर आधी ठरलेले निळे पट्टे लाल झाले आणि ‘ब्लू’ तुकडीची ‘रेड’ तुकडी झाली. अंतराळातल्या शॉट्समध्ये आर2-डी2 चे निळे भाग काळे दिसतात, तेही याच भानगडीपायी.

पुढे इफेक्ट्सच्या ऑस्करवर मॅक्यून यांचंही नाव लागलं. 1980 च्या दुसऱ्या सिनेमासाठी 32 इंची फाल्कन बांधला, कारण पाच फुटी धूड हलवणं जिकिरीचं होतं. त्या सिनेमाच्या इफेक्ट्सच्या प्रमुखांमध्ये होते ब्रायन जॉन्सन, म्हणजे ज्या ‘ईगल’मुळे सगळा घोळ झाला, त्याचेच जनक!

आणि हो, ती लाल तुकडी. तिच्या म्होरक्याच्या विमानाचं मॉडेल कित्येक वर्षं बेपत्ता होतं. मॉडेलकार ग्रेग जीन 2022 मध्ये गेले, त्यानंतर ते त्यांच्या गॅरेजमध्ये एका खोक्यात सापडलं. ऑक्टोबर 2023 मध्ये लिलाव झाला, 31 लाख 35 हजार डॉलरना. तेव्हाच्या दुकानांतली किट मात्र आजही शोधली जातात. हुबेहूब फाल्कन बांधणारी हौशी मंडळी पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीच्या रणगाड्याचा डबा भरपूर पैसे मोजून घेतात, त्यातले दोन-चार तुकडे काढतात आणि उरलेला रणगाडा तसाच माळ्यावर टाकून देतात.