जातक, अवदान आणि दंतकथा : सुतसोमाच्या कथेच्या निमित्ताने

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, उत्तरेस डोंगरात जी बौद्ध लेणी आहेत, त्यांतील तिसऱ्या लेण्यात जाणारा उपासक बहुधा थेट गाभाऱ्याकडे वळतो. तेथे बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्रीपुरुष उपासकांची जवळजवळ पुरुषभर उंचीची शिल्पे आहेत. परंतु बाहेरच्या मंडपातील स्तंभांवर जो शिलापट्ट आहे, त्याकडे फारसे कोणी मान वर करून पाहत नाही. त्या पट्टावर सुतसोम जातक कोरलेले आहे. हीच कथा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात रंगांनी सांगितलेली आहे.

या कथेसंबंधी विहारातील वर्षावासाच्या प्रवचनात आम्हांस एकदा प्रश्न विचारला गेला : “हे खरोखर घडले काय? आणि घडले नसेल, तर बाबासाहेबांच्या अनुयायांनी ते का ऐकावे?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे, तर ही कथा कोणत्या जातीची आहे हे आधी ठरविले पाहिजे. लोकपरंपरेतील सर्व कथा एका मापाने मोजता येत नाहीत.

लोकसाहित्याचे अभ्यासक पारंपरिक कथांचे काही ठळक प्रकार मानतात. दैवतकथा देवदेवतांविषयी व जगाच्या उत्पत्तीविषयी असते. ती सांगणारा तिला सत्य आणि पवित्र मानतो. दंतकथा मानवी काळात घडते व एखाद्या स्थळाशी वा पुरुषाशी बांधलेली असते. तीही खरी म्हणूनच सांगतात. लोककथेला मात्र काळ नसतो, गाव नसते. ‘एक राजा होता’ एवढ्यावर ती उभी राहते आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवावा अशी तिची अपेक्षाच नसते. प्राणिकथेत पशुपक्षी बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातून माणसाला शहाणपण मिळते. आपल्याकडील व्रताची कहाणी याहून निराळी. ती व्रताशी जोडलेली असून ‘जे व्रत करतील त्यांना फळ मिळेल’ या आश्वासनावर संपते. थोडक्यात, कथेचा प्रकार तिच्यातील पात्रांवरून जितका ठरतो, त्याहून अधिक ती कोणत्या श्रद्धेने सांगितली जाते यावरून ठरतो.

बौद्ध परंपरेने स्वतःचे वर्गीकरणही केलेले आहे. बुद्धवचनाची जी नऊ अंगे पालि वाङ्मयात सांगितली आहेत, त्यांत ‘जातक’ हे एक स्वतंत्र अंग आहे. पालि जातकसंग्रहात 547 कथा असून त्या 22 निपातांत मांडलेल्या आहेत. प्रत्येक जातकाचे साधारणतः पाच भाग पडतात : बुद्धकाळातील प्रसंग म्हणजे पच्चुप्पन्नवत्थु, भूतकाळातील कथा म्हणजे अतीतवत्थु, गाथा, गाथांचे शब्दशः विवरण आणि शेवटी दोन्ही काळांतील पात्रांचा मेळ घालणारे समोधान. यांपैकी केवळ गाथाच तिपिटकात मोडतात. गद्य हे अट्ठकथेचे असून आज उपलब्ध असलेले त्याचे रूप सुमारे पाचव्या शतकातील आहे.

अवदान हा प्रकार याच्या शेजारचा आहे. त्याचा नायक बोधिसत्त्वच असला पाहिजे असे नाही. एखादे थोर कृत्य आणि त्याचे फळ हा त्याचा विषय. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील पूर्ण-अवदान सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याचे आहे. स्थळाशी बांधलेले असल्यामुळे ते दंतकथेच्या जवळ जाते.

आता सुतसोमाकडे वळू. नरमांसभक्षक झालेला एक राजा कुरुदेशाच्या सुतसोमाला पकडून नेतो. एका ब्राह्मणाकडून चार गाथा ऐकण्याचे वचन सुतसोमाने दिलेले असते. ते पाळून परत येण्याची तो मुभा मागतो, गाथा ऐकतो आणि खरोखरच परत येतो. मरणाच्या दारी परतलेला हा माणूस पाहून नरभक्षक चकित होतो, त्याच गाथा ऐकतो आणि अखेर नरमांस सोडतो. पालि जातकात हा प्रसंग अंगुलिमालाच्या परिवर्तनाच्या निमित्ताने सांगितला आहे.

महाभारताच्या आदिपर्वातही कल्माषपाद नावाचा नरभक्षक राजा आहे. तेथे ऋषिपुत्राला वाट न दिल्यामुळे त्याला शाप मिळतो आणि पुढे वसिष्ठाच्या मंत्रजलाने तो मुक्त होतो. आर्यशूराच्या जातकमालेत तोच राजा सिंहिणीच्या पोटी जन्मलेला आहे, आणि अजिंठ्याच्या चित्रकाराने सिंहिणीचा प्रसंग रंगविला आहे. म्हणजे नरभक्षक राजाची लोककथा या सर्वांहून जुनी आणि सामाईक होती. महाकाव्याने तिची शापकथा केली. तेथे माणूस शापाने बिघडतो व मंत्राने सुधारतो. जातकात तो दुसऱ्या माणसाच्या सत्यनिष्ठेने सुधारतो. सामग्री एकच, परंतु प्रकार बदलला आणि प्रकाराबरोबर तत्त्वही बदलले.

हे ध्यानी घेतले म्हणजे मूळ प्रश्नाची गाठ सुटते. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची सामाजिक स्थिती ठरते, हा सिद्धान्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाचा मानला नाही. जे विवेकाला पटते तेच बुद्धाचे मानावे, ही कसोटी त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिली. समोधान हा जातकाला जन्मांशी जोडणारा धागा आहे. तो धागा इतिहास म्हणून स्वीकारण्याची सक्ती आपल्यावर नाही. अतीतवत्थु मात्र लोककथा म्हणून, तिच्यातील शीलासह, आपल्याला घेता येते.

तथापि जातकांत सर्वच ग्राह्य आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकनिपातातील इत्थिवग्गात स्त्रियांविषयी जी अनुदार भाषा आहे, ती लोककथेतून आली असे म्हटल्याने निर्दोष ठरत नाही. याउलट मातंग जातकात बोधिसत्त्व स्वतः चांडाळ आहे. त्याच्या दर्शनाने विटाळ झाला म्हणून श्रेष्ठीकन्या डोळे धुते आणि तिचे लोक त्याला मारतात. तो मात्र तिच्या पित्याच्या दाराशी ठाण मांडून बसतो आणि हटत नाही. अंब जातकात चांडाळ गुरूकडून मंत्र शिकलेला ब्राह्मण राजासमोर गुरूचे नाव लपवितो आणि त्याच क्षणी विद्या गमावतो. ज्या समाजाला शतकानुशतके शिकण्याचा अधिकार नाकारला गेला, त्याच्या मुलांना ही कथा सांगावयास नको काय?

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, विहारात जातक सांगताना सांगणाऱ्याने गाथा कोणती, लोककथा कोणती आणि अट्ठकथेचे विवरण कोणते हे आधी स्पष्ट करावे. मग ‘हे खरे घडले काय?’ या प्रश्नाला न घाबरता उत्तर देता येईल : घडले असेलच असे नाही, परंतु वचन पाळण्यासाठी मरणाकडे परतणारा माणूस ज्यांनी दगडात कोरून ठेवला, ते लोक मात्र याच डोंगरात होते.