सम्यक आजीविका
सम्यक आजीविका : बौद्ध अष्टांगिक मार्गाचे पाचवे अंग, पाली संज्ञा ‘सम्मा आजीव’. दुसऱ्याला अपाय न करता पोट भरणे, हा साधा अर्थ. अंगुत्तरनिकायात उपासकाला शस्त्रे, जीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. व्यापाराला विरोध मात्र नाही. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील दानलेखांत सोपारा-कल्याण या प्राचीन बंदरांचे व्यापारी भेटतात. त्याच किनाऱ्यावर आजचा कंटेनर-व्यापार चालतो : न्हावा शेवा (रायगड) येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. जवळच्या घारापुरी बेटावर, पूर्वेकडच्या टेकडीवर, विटांचा प्राचीन स्तूप आहे.

कंटेनरने वर्ज्य व्यापारांची ही जुनी यादी पाळणे अवघड केले. मोहोरबंद पेटीत काय आहे हे क्रेनचालकाला ठाऊक नसते. बौद्ध विचारात चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. त्यामुळे नकळत पेटी उचलणाऱ्या क्रेनचालकाला दोष लागत नाही. माल जाणून पाठवणारा सुटत नाही. मग दोष क्रेनसारख्या यंत्राचा का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली गांधीविचाराची चिकित्सा करताना दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा असल्याचे मांडले. बंदराच्या उरण परिसरात प्रश्न यंत्राआधी जमिनीचा होता : भूसंपादनाविरुद्ध शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले.