चोरबाजार, मुंबई

दक्षिण मुंबईत भेंडीबाजाराला लागून असलेला जुन्या वस्तूंचा बाजार. मटण स्ट्रीट हा त्याचा कणा. भोवतालच्या गल्ल्यांत मोटारींचे सुटे भाग आणि हत्यारे मिळतात. जवळची स्थानके ग्रँट रोड व सँडहर्स्ट रोड. शुक्रवारी दुकाने बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे अंधारात रस्त्यावर ‘जुम्मा बाजार’ भरतो.

मूळ नाव ‘शोर बाजार’, इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘चोर’ झाले, असे सांगतात. इंग्रजांना ‘श’ का उच्चारता येऊ नये, हे मात्र कोणी सांगत नाही. व्हिक्टोरिया राणीचे चोरीस गेलेले व्हायोलिन इथे सापडले, ही दंतकथा तर आणखी कच्ची. राणी हिंदुस्थानात कधी आलीच नव्हती.

इथल्या मालाचा खरा उगम चोरीपेक्षा घरे मोडण्यात शोधावा. रिकाम्या होणाऱ्या पारशी घरांतली सागवानी कपाटे, वाड्यांतल्या हंड्या-झुंबरे, बंद पडलेल्या इराणी हॉटेलांच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, तोडलेल्या जहाजांवरचे पितळी दिवे व होकायंत्रे हा इथला ठरलेला माल.

नवशिक्याने चोरापेक्षा नकलेला भ्यावे. सर्वांत बदनाम वस्तू ग्रामोफोन : जुन्या पेटीग्रामोफोनचे यंत्र नव्या खोक्यात बसवायचे, वर चकचकीत पितळी कर्णा लावायचा. तो वाजतो, म्हणूनच फसवतो. रविवर्मा छापखान्याचे म्हणून दाखवलेले चित्र भिंगाखाली धरावे; शिळाछापाचे ठिपके अनियमित असतात, तर आजच्या छपाईचे जाळीसारखे रांगेत. चित्रपटांची जुनी पोस्टरे थिएटरांना घडी घालून पाठवत, त्यामुळे घडीची खूण नसलेले कोरे करकरीत पोस्टर संशयास्पद. पितळेवरचा काळेपणा रसायनानेही आणता येतो. खोबणीत आणि तळाशी तो सारखाच दिसला, तर भाव करण्याआधी थांबावे. घासाघीस सगळेच करतात. सकाळी बोहनीच्या वेळी विक्रेता जरा लवकर नमतो, असा समज आहे.

1972च्या पुरावशेष कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलावस्तू (हस्तलिखितांसाठी 75 वर्षे) खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे ‘शंभर वर्षांपूर्वीची’ म्हणून चढ्या भावाने घेतलेली वस्तू परदेशी न्यायची, तर ती तशी नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळवावा लागतो.